अर्ध्या तासात फोन करतो

ठाणे, रविवार, रात्रीचे साडेअकरा

दिल्या,

दिवाळीत ‘अर्ध्या तासात फोन करतो’ म्हणालो आणि आता श्रावण लागला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. परवा एक कादंबरी वाचली, तिच्यातला नायकही मित्राला अर्धा तास थांब सांगून यंत्रावर बसतो आणि तीन वर्षं झाली तरी परत येत नाही. त्या मानाने मी बरा. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, गोळ्या चालू.

कादंबरी म्हणजे वेल्सची ‘द टाइम मशीन’, १८९५ सालची. पोराला कॉलेजात लागलीय. तो वाचत नाही, यूट्यूबवर दहा मिनिटांत उरकली म्हणाला. म्हणून मी हातात घेतली. पातळशी आहे, तीन रात्रींत संपली. तलावपाळीवर आपलं वाजलं होतं, आठवतंय? तुला यंत्र मिळालं तर १६ एप्रिल १८५३ ला जायचं होतं, बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यात शिरताना बघायला. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे. मी म्हणायचो, मागे काय ठेवलंय, पुढे जाऊ. त्या भांडणात मिसळीचं बिल कोणी द्यायचं ते राहून गेलं आणि मीच दिलं. असो. वेल्सचा माणूस पुढे गेला, थेट ८,०२,७०१ सालात. तू जिंकलास. पुढे जाण्यात राम नाही.

तिथे वर उन्हात इलॉय राहतात. नाजूक, गोंडस, फळं खाणारे, कामाधामाचा पत्ता नाही. जमिनीखाली अंधारात यंत्रं चालवतात ते मॉर्लॉक. दोघेही माणसाचेच वंशज. वरच्यांचे कपडेलत्ते खालचे पुरवतात आणि काळोख्या रात्री वर येऊन त्यांनाच उचलून नेतात, खायला. नायकाला आधी वाटतं, वा, गरिबी-श्रीमंती संपली, सगळे मजेत. मग विहिरीतून खाली उतरतो तेव्हा कळतं. आपला अंदाज साफ चुकला हे गडी सरळ कबूल करतो, ते मला आवडलं. तुला उभ्या जन्मात जमलेलं नाही. (परत आल्या आल्या तो मटण मागतो, तेव्हा मात्र तूच डोळ्यांसमोर आलास.)

पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. ते यंत्र जागचं हलत नाही रे. वर्षं पळतात, जागा तीच. आणि मी वाचत कुठे बसलो होतो? वागळे इस्टेटला, चौदाव्या मजल्यावर, आपल्या बाबांच्या कंपनीच्या जागेवर. गेटाजवळचा वड तेवढा ठेवलाय, त्याच्या बुंध्याला लायटिंग केलंय. बॉयलर होता तिथे आता तीन मजले खाली बेसमेंट आहे.

आता खरं काय ते सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

मंगळवारी पहाटेपासून धो धो पाऊस. तिसऱ्या बेसमेंटला पाणी भरलं, म्हणून गाडी वर काढायला मी उतरलो. घोट्यापर्यंत पाणी, डिझेलचा वास, आणि एक माणूस पाण्यात हात घालून पंपाच्या जाळीतला कचरा ओढून काढत होता. खाकी शर्ट, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. माझी गाडी चालू होईना. त्याने मागून ढकलली, एकट्याने, रॅम्पपर्यंत. मी काच खाली केली आणि पन्नासची नोट पुढे धरली. त्याने शर्टाला हात पुसला आणि नोट घेतली. घेताना अंगठ्याशेजारचं ते बोट दिसलं.

एकवीस, दिल्या. आपला एकवीस.

तो “थँक यू साहेब” म्हणाला. मी काच वर केली.

त्याने ओळखलं का, ते मला अजून कळत नाही. ‘साहेब’ म्हणायच्या आधी तो क्षणभर थांबला असं वाटतं, पण ते मीच मागाहून घातलं असेल. बायकोला सांगितलं तर म्हणते, मग काय झालं, पन्नास दिले ना? तिला उपवन तलावाचं कुठे माहीत आहे.

त्या पुस्तकात एक जागा आहे. वीना नावाची एक चिमुकली इलॉय नदीत बुडत असते आणि तिचेच भाईबंद बघत राहतात, एकही हलत नाही. नायक पाण्यात शिरून तिला काढतो. तिथे मी पुस्तक मिटलं. नाकातोंडात शेवाळाचं पाणी, आणि शर्टाच्या कॉलरला धरून ओढणारा तो सहा बोटांचा हात. तू काठावर होतास. तू माणसं बोलवायला पळालास हे मी तीस वर्षं ऐकतोय आणि मान्यही केलंय, आता परत सुरू करू नकोस. पण त्या दिवशी पाण्यात कोण शिरलं होतं?

त्याला मॉर्लॉक म्हटलं तर तो मला चोपेल आणि बरोबरच करेल. शिवाय पुस्तकात खालचे वरच्यांना खातात, आमच्या सोसायटीत हिशोब उलटा आहे. मागच्या मीटिंगमध्ये स्टाफने पॅसेंजर लिफ्ट वापरू नये असा ठराव झाला. मी हात वर केला होता. चहा यायचा होता म्हणून घाई होती.

यंत्र परत येतं तेव्हा प्रयोगशाळेच्या दुसऱ्या कोपऱ्यात थांबतं. मॉर्लॉकांनी ते जेवढं ओढून नेलेलं असतं, तेवढंच सरकलेलं. किसननगरच्या आपल्या चाळीपासून हा टॉवर चालत बारा मिनिटं आहे.

मुक्ताची ॲडमिशन झाली का? वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? नाशिकला पाऊस बरा आहे असं टीव्हीवर दिसतं. येतोस का गणपतीत?

वॉचमनकडे चौकशी केली. त्याला इथे सगळे ‘पंपवाला’ म्हणतात, नाव कोणाला माहीत नाही. या आठवड्यात दुसरी पाळी, तीन ते अकरा. आज साडेनवाला दोन कप चहा थर्मासमध्ये भरून लिफ्टपर्यंत गेलो. बी-थ्रीचं बटण दाबलं, दार उघडलं, पंपाचा आवाज आला, आणि मी परत चौदा दाबलं. चहा इथे टेबलावर आहे, अजून कोमट आहे.

उद्या परत जाणार आहे. पहिलं वाक्य काय बोलू ते लिही. आणि त्याचं खरं नाव काय होतं रे?

तुझा,
पक्या