जांघेतले अवधाण आणि सापाचे विष

संपादक महोदय,

भातकापणीच्या दिवसांत मुळशी, भोर, मावळात कुणाला साप चावला की आधी दंशाच्या वर आवळून बांधायला सुतळी शोधली जाते आणि मग माणसाला चालवत डांबरी रस्त्यापर्यंत आणले जाते. या दोन्ही गोष्टींनी नुकसान होते. ते का, हे लोकांना सांगितलेच जात नाही, म्हणून हे पत्र.

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे गावात सर्वांना ठाऊक असते. अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी; लसिका म्हणजे शरीरातल्या पेशींभोवतीचे, वेगळ्या वाहिन्यांतून रक्तात परत जाणारे पाणीदार द्रव. विषही बरेचसे याच वाटेने चढते. साप बहुधा विष शिरेत सोडत नाही, कातडीखाली सोडतो. घोणस आणि फुरशाच्या विषातले अनेक रेणू मोठे असतात. रक्ताच्या गोठण्यात बिघाड करणारा घोणशीच्या विषातला एक घटक सुमारे ९० किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचे माप) आहे. एवढा रेणू रक्ताच्या केशवाहिनीत सहज शिरत नाही. लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी मात्र झडपांसारख्या आत उघडतात. तिथून विष ग्रंथींत, पुढे छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीत आणि शेवटी मानेच्या बुडाशी डाव्या शिरेत उतरते. दंशानंतर जांघ किंवा काख दुखू लागली, तर विष चढू लागल्याची ती लवकरची खूण समजावी.

लसिकेला हृदयासारखा पंप नाही. तिच्या वाहिन्या थोड्याफार आकुंचन पावतात, बाकी काम स्नायू करतात. चालताना पोटरी प्रत्येक पावलाला लसिका वर ढकलते. म्हणून चावलेल्या माणसाला एक पाऊलही चालू देऊ नये. मोडलेल्या हाडाला बांधतात तशा दोन फळ्या किंवा काठ्या लावून पाय सैलसर बांधावा. जोडवी, पैंजण, बांगड्या, अंगठ्या लगेच काढाव्यात, सूज आल्यावर त्या निघत नाहीत. झोळीत किंवा खाटेवर निजवून न्यावे आणि १०८ ला फोन करावा. गाडी येत नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये घट्ट बसवून नेणे चालेल, पण वाट बघत वेळ घालवू नये.

आवळून बांधलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटतो, घोणशीचे विष एकाच जागी साचून मांस कुजते, आणि दोरी सोडली की साचलेले विष एकदम अंगात पसरते. कुणी आधीच बांधली असेल तर ती रुग्णालयात, उपचारांची तयारी झाल्यावरच सोडावी. ऑस्ट्रेलियात पायावर ५५ ते ७० मिमी पाऱ्याइतक्या दाबाची रुंद पट्टी गुंडाळतात, पण तिथल्या बहुतेक विषारी सापांच्या दंशाने जागेवरची इजा कमी होते. आपल्याकडे घोणस, फुरशामुळे दंशाच्या जागीच मोठी इजा होते, आणि एवढा नेमका दाब घाईत साधतही नाही. कापणे आणि चोखणेही टाळावे. चोखून निघणारे विष नगण्य असते, आणि गोठण न होणारे रक्त कापलेल्या जागेतून वाहत राहते.

नाग आणि विंचवाच्या विषातले अनेक घातक रेणू लहान, १० किलोडाल्टनच्या आतले असतात. ते थेट रक्तातही शिरतात, त्यामुळे पाय स्थिर ठेवून मिळणारा अवधी कमी असतो. तिथे वेगच महत्त्वाचा.

रुग्णालयात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले, तर ते गोठत नाही आणि प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचा उतारा) द्यायला हवे. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली की चाचणी फसते. सुरुवातीला सुमारे १० कुप्या देतात. मुलालाही तेवढ्याच, कारण साप लहान-मोठा पाहून विष सोडत नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्त गोठू लागले तरी जखमेतले उरलेले विष लसिकेतून झिरपत राहते आणि गोठणे पुन्हा बिघडू शकते. म्हणून दर ६ तासांनी चाचणी करतात. रुग्ण बोलू-हसू लागला म्हणून नातेवाइकांनी त्याला २४ तासांच्या आत घरी नेऊ नये.

— ग्रामीण भागात काम करणारे काही डॉक्टर, पुणे