वायफाय माजघरापर्यंत

प्रिय अन्या,

सप्रेम नमस्कार.

वाडीत फायबर आलं हे वाचून मन भरून आलं बघ. ताईचा मेलबर्नहून फोन आला की काकू रेंजसाठी अंगणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या, तेही पावसात. ते आता थांबायलाच हवं. म्हणून ओटीवरचं वायफाय माजघरात पोचत नाही, हे तुझं वाक्य मला फार लागलं.

राउटर ठीक आहे रे, भिंती आडव्या येतात. तुमचं घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती दीड फुटी, आणि पावसाळ्यात चिरा पाणी धरतो. वायफाय दोन प्रकारच्या लहरींवर चालतं: ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतीत जवळजवळ संपतात. २.४ च्या थोड्या पुढे जातात, पण दुसऱ्या भिंतीला त्यांचाही दम सुटतो.

दुकानदार रिपीटर घे म्हणतोय, तो घेऊ नकोस. स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय माजघरात त्याच्यापर्यंतच सिग्नल धड येणार नाही, तर तो पुढे काय देणार? सरळ केबल ओढ. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुला त्याच्या पाव हिश्श्यातही भागेल. माळ्यावरून वाशांच्या कडेने ने, म्हणजे भिंत फोडायला नको. घेताना शुद्ध तांब्याची माग. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, तिच्या नादी लागू नकोस.

माजघरात तुझा जुना राउटरच ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं इंटरनेट नुसतं वायफायवर देणारा म्हणून, लाव. आधी तो एकटाच लॅपटॉपला जोड आणि त्याचं सेटिंगचं पान उघड. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ दे आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनना आपोआप पत्ते वाटायचं काम, बंद कर. हे विसरू नकोस. नाहीतर दोघंही फोनना पत्ते वाटायला लागतात, आणि वायफायच्या पूर्ण दांड्या दिसूनही इंटरनेट चालत नाही. मग केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या भोकात) घाल, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येतं त्या भोकात) नाही. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' दिसला तर तोच निवड, हे सगळं तो स्वतः करतो. फक्त केबल कुठल्या पोर्टात घालायची ते त्याच्या माहितीपत्रकात बघ.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेव, म्हणजे काकूंना फोनमध्ये काही बदलावं लागणार नाही. २.४ चा चॅनल मात्र वेगळा हवा: ओटीवर १, माजघरात ६ किंवा ११. हे तिन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवड, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने, पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद ठेव, आणि राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड त्याच दिवशी बदल.

आता विजेचं. गडगडायला लागलं की दोन्ही ॲडॉप्टर काढून ठेवत जा. फायबर काचेचं, त्यातून करंट येत नाही. तो येतो विजेच्या लाइनीतून, नाहीतर उघड्यावरच्या तांब्याच्या तारेतून. म्हणूनच गोठ्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल न्यायचा तुझा विचार मला पटत नाही. लाइट गेल्यावर चालायला राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, पण आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचून मगच घे.

केबलचं माप कळव. मी इथून दोन्ही टोकांना कनेक्टर लावून, टेस्टरवर तपासून पाठवतो. वळणांसाठी दोन मीटर जास्त धर, आणि माळ्यावर उंदरांचा त्रास असेल तर तेही लिही, म्हणजे सोबत पाइप पाठवीन.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिग्या