गणित विभागातली व्याख्याने आधी कळू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी निवृत्त गणित शिक्षिका. तीस वर्षे आठवी ते दहावीला शिकवले. आता विद्यापीठाच्या गणित विभागात व्याख्यान असले की वही घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसते. सगळे समजते असे नाही, पण सुरुवात बहुतेक वेळा समजते आणि तेवढ्यासाठी मी आनंदाने जाते.

अडचण आहे ती व्याख्यान आहे हे कळण्याचीच. विभागाच्या सूचनाफलकावर आदल्या दिवशी एक कागद टाचतात. गेल्या महिन्यात त्यावरची चारची वेळ बॉलपेनने खोडून साडेतीन केली होती. मी चारला पोचले, तोवर एक फळा भरून पुसूनही झाला होता. गोषवारा तर असा असतो की बीजगणितात संशोधन करणाऱ्यालाही शेजारच्या खोलीतल्या भूमितीच्या व्याख्यानाचा पत्ता लागू नये. पीएचडीची खुली मौखिक परीक्षाही नावालाच खुली. ती झाल्याचे पेढे वाटले जातात तेव्हा कळते.

याउलट एकदा एका कागदावर ‘पहिली वीस मिनिटे सर्वांसाठी’ असे लिहिलेले दिसले. विषय होता मूळ संख्यांमधली अंतरे. शेजारच्या नववीतल्या मुलीला मी सोबत नेले. वक्त्या बाईंनी फळ्यावर ११ आणि १३, १७ आणि १९, २९ आणि ३१ अशा दोनच्या अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या लिहिल्या. या जोड्या कुठे संपतात की संपतच नाहीत, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेले नाही, असे त्या म्हणाल्या. मग २०१३ साली यितांग झांग या गणितज्ञांनी सिद्ध केलेली गोष्ट सांगितली: ज्यांच्यातले अंतर सात कोटींहून कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ‘सात कोटी’ ऐकून मागे कुणीतरी हसले. बाईंनी शांतपणे त्याखाली २४६ लिहिले. जगभरच्या गणितींनी वर्षभरात ते अंतर इथवर खाली आणले होते. त्याखाली २ आणि पुढे प्रश्नचिन्ह. तो फळा माझ्या वहीत तसाच उतरवलेला आहे. घरी येईपर्यंत त्या मुलीने शंभरपर्यंतच्या जोड्या शोधल्या. आठ निघाल्या.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळामास्तरच होते, पदव्युत्तर पदवी नसलेले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येते. ही गंमत त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. शाळेतल्या माणसाला तिथे उभे राहता आले, हे मला फार मोलाचे वाटते. २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जयंतीला किंवा १४ मार्चला पाय दिनाला वर्षातून एकदा गणिताचा उत्सव करावा, जरूर करावा. पण खरे गणित दर आठवड्याच्या त्या व्याख्यानात घडत असते.

म्हणून विभागांना विनंती, की पुढच्या महिन्याची व्याख्याने, चर्चासत्रे आणि मौखिक परीक्षा यांची यादी आधी जाहीर करावी. तारीख, वेळ, खोली, बाहेरच्यांना प्रवेश आहे की नाही, आणि वक्त्याने स्वतः साध्या मराठीत लिहिलेल्या दोन ओळी. वेळ बदलली तर तेही कळवावे. आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरात कीर्तने, प्रकाशन समारंभ, मैफली येतात. मी ते सदर रोज वाचते. विभागाने यादी पाठवली तर तिथे तीन-चार ओळींची जागा आपण द्याल का?

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका