तो पक्षी २०१२ ला सापडला नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला सिलेमच्या फिंचवरचा (चिमणीएवढा, दाणे खाणारा डोंगरी पक्षी) लेख वाचला. पक्ष्यांना तुम्ही अर्धं पान देता याबद्दल खरंच आभार, पण '२०१२ मध्ये नव्या पक्ष्याचा शोध' हे हेडिंग कुणी दिलं? त्या साली चीनच्या चिंगहाईत तो जिवंत दिसला, फोटो मिळाले. पक्षी हातात आला होता १९२९ लाच, डच काराकोरम मोहिमेत सिलेम यांनी ५ हजार मीटरच्याही वर कुश्कू मैदानात दोन नमुने घेतले आणि ते ब्रँड्टचे माउंटन फिंच ह्या दुसऱ्याच जातीचे समजून ॲमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये पडून राहिले. पुढे पक्षीतज्ज्ञ रोसेलार यांनी तेच नमुने नीट बघितले आणि १९९२ ला नवी जात म्हणून जाहीर केली. खरा शोध तो, आणि त्यांचं नावसुद्धा लेखात नाही!

'एवढ्याशा मळकट पक्ष्याचं वर्गीकरण बदलून कुणाचं काय अडलंय' हे लेखातलं वाक्य तर लईच लागलं. २०१६ ला डीएनए तपासून त्याला माउंटन फिंचच्या गटातनं काढून रोझफिंच ह्या दुसऱ्या गटात घातलं, तिबेटी रोझफिंच त्याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद निघाला. आता रोझफिंचचा नर म्हटलं की लाल-गुलाबी, ह्याच्या नराला लाल रंगच नाही, मग नुसतं बघून कळणार कसं? नमुने सांभाळून ठेवले होते म्हणूनच हे सगळं जमलं.

आमच्या कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये असंच एक काचेचं कपाट होतं. राधानगरी, आंबा, पन्हाळा इथले पेंढा भरलेले पक्षी, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी, त्यावर जागा, तारीख, नर का मादी. रंगकाम निघालं आणि कपाट व्हरांड्यात काढलं, ऐन पावसाळ्यात, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली. मी बोलायला गेलो तर 'वास मारतंय ते, काय करायचंय ठेवून' असं कॉलेजवाले म्हणाले आणि टेम्पोत घालून सगळं नेलं. त्यात काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. अजूनही आठवलं की जीव तुटतो. म्हणून असली वाक्यं पेपरात आली की राग येतो, कपाटं रिकामी करणाऱ्यांना तेवढंच निमित्त लागतंय.

आणि लेखासोबतचा फोटो लालभडक रोझफिंचचा आहे, सिलेमचा नव्हेच. दुरुस्ती छापाल तेव्हा साल, रोसेलारांचं नाव आणि फोटो तिन्ही दुरुस्त करा, आणि मागच्या वेळेसारखं पत्र निम्मं कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर