फुलांच्या कुशीत नव्हे, कोंडीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटांवरचा लेख आणि त्यासोबत तिथल्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या पिल्लाचं अर्धं पान छायाचित्र छापलंत. भोवती पिवळी फुलं, आणि खाली ओळ : 'फुलांच्या कुशीत'. चित्र देखणं आहे, वाद नाही. पण ते पिल्लू कुशीत नव्हतं, कोंडलेलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उमर गेली, त्यामुळे राहवलं नाही.

ते फूल व्हर्बेसिनाचं. सूर्यफुलाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातलं. मिडवेच्या वाळूत ते माणसाच्या उंचीला जातं आणि इतकं दाट माजतं की आत वारा शिरत नाही. अल्बट्रॉसचं पिल्लू जन्मलं त्या जागेच्या आसपासच बसून राहतं. आईबाप दूर समुद्रावर, परतायला कधी कधी कित्येक दिवस. ऊन तापलं की पिल्लू टाचांवर रेलतं, दोन्ही पावलं जमिनीवरून उचलून वाऱ्याला धरतं आणि अंगातली उष्णता तिथून बाहेर टाकतं. वाराच कोंडला तर पावलं उचलून काय होणार? घास घेऊन आई आली तरी दोन मीटरचा पंखविस्तार सांभाळत त्या गचपणात तिने उतरायचं कुठे? जोडप्याला वर्षाला फार तर एक अंडं. लेसन जातीच्या अल्बट्रॉसची जगातली सर्वांत मोठी वसाहत याच बेटांवर आहे.

लेखकाचं म्हणणं असं की तण आता जवळजवळ संपलं आहे, तरी माणसं फवारण्या करतच आहेत. आता तरी बेट निसर्गावर सोडावं. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. एकेकाळी मिडवेतल्या सर्वांत मोठ्या सँड बेटाचा मोठा भाग व्यापलेलं हे तण काही वर्षांच्या उपटणीने आणि तणनाशकाने एक टक्क्याच्याही खाली आलं आहे. (म्हणजे तुमचं छायाचित्र जुनं असावं.) पण 'म्हणून आता थांबा' हे त्यातून निघत नाही. निघतं ते नेमकं उलट.

व्हर्बेसिनाचं बी चपटं, कडेला पातळ पंख असलेलं. ते वाळूत वर्षानुवर्षं दबा धरून राहतं आणि पाऊस झाला की उगवतं. पडक्या भिंतीमागे राहून गेलेलं एक झाड फुलावर आलं, बी धरलं, की मागच्या सगळ्या फेऱ्या पाण्यात. त्यामुळे काम उपटण्याचं कमी आणि परत परत जाऊन बघण्याचं जास्त. तेही कसल्या जमिनीवर? बोनिन पेट्रेल नावाच्या पक्ष्यांच्या बिळांनी ती पोखरलेली. पाय खचला की गुडघे टेकायचे, हाताने वाळू उपसून आतल्या पक्ष्याला वाट मोकळी करायची, आणि मग पुढचं पाऊल. एक झाड सापडेल किंवा सापडणारही नाही, अशा शोधासाठी हे रोज. याला फत्ते झालेली मोहीम म्हणून निरोप देणं सोपं आहे, कारण फोटो काढण्याजोगं आता तिथे काही उरलेलं नाही.

तणनाशकाचं मलाही प्रेम नाही. पण होनोलुलूपासून दोन हजार किलोमीटर दूरच्या या बेटात ढवळाढवळ पहिल्यांदा फवारणीने झाली, असं कुणी समजू नये. 1903 मध्ये पॅसिफिकखालून तारायंत्राची केबल टाकणारी कंपनी इथे आली आणि बागबगिच्यासाठी तिने बाहेरून हजारो टन माती जहाजांनी आणली. मातीबरोबर काय काय आलं असेल, त्याची यादी कोण ठेवतो? वारा अडवायला सुरूची झाडं लावली, तीही बेटभर पसरली. पुढे अमेरिकेचं नौदल आलं, दुसऱ्या महायुद्धातली 1942 ची लढाई झाली, धावपट्ट्या झाल्या. 1996 मध्ये बेटं अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या हाती आली ती या अवस्थेत. आता यातलं 'निसर्गावर' सोडायचं म्हणजे नेमकं कुणावर?

सुरूचं प्रकरण मात्र खरोखर अवघड आहे. पांढरा सुरय हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या फांदीवरच एक अंडं ठेवतो, आणि मिडवेवर त्याला सुरूच्या फांद्या चालतात. तिथे सरसकट कुऱ्हाड चालवा, असं मीही म्हणणार नाही. व्हर्बेसिनाच्या बाजूने असा एकही पक्षी साक्षीला येत नाही.

शेवटपर्यंत नेटाने केलं तर काय होतं, ते त्याच हवाई द्वीपमालिकेतल्या लेसन बेटावर दिसलं. काटेरी बोंडांचं, कपड्यांना चिकटणारं एक परकं गवत तिथून काढायला 1991 मध्ये सुरुवात झाली. माणसं तंबूत राहिली आणि सुमारे दहा वर्षं तेच एक गवत शोधत राहिली. ते गेलं. आजही तिथे जाणाऱ्याला नवे कोरे कपडे लागतात, आणि तेही आधी 48 तास गोठवून घ्यावे लागतात. आणि काम थोडक्यासाठी अपुरं राहिलं तर काय होतं, तेही मिडवेवरच दिसलं. 2015 पासून उंदीर अंड्यांवर बसलेल्या अल्बट्रॉसना कुरतडू लागले. 2023 मध्ये बेटभर विषारी आमिष टाकलं गेलं. थोडे उंदीर वाचले, आणि एवढं करून मुसळ केरात.

पुढे कधी मिडवेचं छायाचित्र छापाल तर एक विनंती. फुलं नसलेलं निवडा : उघडी वाळू, तिथल्याच मूळच्या गवताचे दोनचार झुबके, आणि पावलं वर करून वारा खात बसलेलं पिल्लू. पान जरा रिकामं दिसेल, चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका