तुझी तब्येत सुधारलेली नाही, सागर

मिरज

चि. सागर यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे सांगायला गेले तर तू "हो आई, बघतो" म्हणून ठेवून देशील. शिवाय शेजारी स्वाती ऐकत असते. म्हणून लिहिते आहे. शिफ्ट संपवून अंघोळ झाली की एकटा बसून वाच.

दिवाळीला तू घरी आलास तेव्हा मावशी दारातच म्हणाली, "बरा भरलाय की पोरगा, बोईसरचं पाणी मानवलं." सगळे हसले, मीही हसले. पण अभ्यंगाच्या दिवशी पाठीला तेल लावताना माझा हात थांबला. मानेखाली, खांद्यांच्या मधोमध मऊ उंचवटा आलाय. पोट सुटलंय, पण दंड आणि मांड्या वाळल्यात. कुशीवर जांभळट रेघा. मनगटावर निळा डाग होता, तो कुठं लागल्याचा तुला आठवत नव्हता. गाल गोल आणि तांबूस. 34 वर्षं वॉर्डात काढली मी. दम्याची, संधिवाताची माणसं वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाऊन आली की अशी दिसतात. तू तर एकही गोळी घेत नाहीस.

त्या दिवशीच बोलायला हवं होतं. सण आहे, पोर दमून आलंय, म्हणून गप्प बसले. माझं चुकलं.

मग चौथ्या दिवसापासून तू अंथरुणाला खिळलास. मळमळ, अंग मोडून आलेलं, उठलं की अंधारी. फराळ बाधला म्हणाले सगळे. आणि बोईसरला परत गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तुझा फोन, "आता एकदम तरतरी आहे आई." ते ऐकल्यापासून मला झोप नाही. घरी विश्रांती घेऊन माणूस पडतो आणि कामावर गेल्यावर उभा राहतो, याचा अर्थ कामावर त्याला काहीतरी मिळतंय. कंपनीत तू रोज हाताळतोस त्या डेक्सामेथासोनच्या, म्हणजे स्टिरॉइडच्या पावडरीची तुझ्या अंगाला सवय लागली असावी. सुट्टीत ती मिळाली नाही म्हणून तू पडलास.

तू म्हणतोस, सुपरवायझर सांगतात हे औषध आहे, विष नाही. औषध आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दिवस पूर्ण होण्याआधीच कळा सुरू झालेल्या किती बायकांना मी हेच डेक्सामेथासोन दिलंय. 6 मिलिग्रॅमचं एक, 12 तासांच्या अंतरानं 4 इंजेक्शनं, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. प्रत्येक वेळी घड्याळ बघून, केसपेपरवर सही करून. कोविडच्या पहिल्या वर्षी, 2020 च्या जूनमध्ये इंग्लंडच्या चाचणीतून कळलं की ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव यानं वाचतात. तिथंही मोजून, दिवसाला 6 मिलिग्रॅम, फार तर 10 दिवस.

आता तुझा हिशेब कर. बाजारात मिळणारी डेक्साची साधी गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. तू 25 किलोचा ड्रम उघडतोस, म्हणजे 5 कोटी गोळ्या. चिमूटभर पावडर सांडली तरी त्यात शेकडो गोळ्या आल्या. आपलं शरीर दिवसाला स्वतःचं कॉर्टिसोल बनवतं ते 10 ते 20 मिलिग्रॅम. तेवढं काम डेक्साच्या पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास भागतं. एवढं बाहेरून रोज आत गेलं की मूत्रपिंडावर बसलेली अॅड्रिनल ग्रंथी म्हणते, आता माझी गरज नाही, आणि झोपी जाते. नाकावाटे, तोंडावाटे, कातडीतून, कुठूनही गेलं तरी रक्तात तेच जातं. कामगारांना असं होतं ही नवी गोष्ट नाही. 1978 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्टिरॉइड बनवणाऱ्या कामगारांच्या ग्रंथी अशा दबल्याचं छापून आलंय. म्हणजे कंपनीला हे माहीत नाही असं होऊच शकत नाही.

तू जे जे सांगितलंस ते मी वहीत लिहून ठेवलंय. सिफ्टरवर, त्या पावडर चाळायच्या यंत्रावर काम करताना चष्म्यावर वाफ धरते म्हणून मास्क खाली घेतोस. मास्क कुठला, तर साधा कागदी, ज्याच्या कडेनं हवा सरळ आत येते. त्यात तू दाढी ठेवलीयस. तोंडावर घट्ट बसणारा मास्क असला तरी दाढीवर तो सील धरत नाही. दाढी काढ. शिफ्ट संपली की एअर होजनं अंगावर हवा मारून कपडे "साफ" करता, हे ऐकून तर मी हबकलेच. त्यानं अंगावरची पावडर जाते कुठं? हवेत जाते, आणि तुम्ही सगळे तिथंच उभे असता. जेट मिलमधून, म्हणजे हवेच्या झोतानं दळणाऱ्या यंत्रातून आलेली पावडर इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचते. खोलीत धूळ दिसत नाही म्हणजे धूळ नाही, असं समजू नकोस.

झाडू मारायचा नाही, हवा मारायची नाही. अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आणि ओलं फडकं, एवढंच. सांडलं तर आधी माणसं बाजूला करायची, मग ओल्या कापडानं टिपून पिशवीत बंद. डेक्सा पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून नुसता हात ओला करून भागत नाही. साबण लावून नीट धू. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार. ड्रमला अर्थिंगची क्लिप लावायला विसरू नकोस, कारण हवेत उडालेली अशी बारीक पावडर ठिणगीनं पेटते. आपल्याकडचा साखर कारखान्यातला माणूसही साखरेच्या धुळीबद्दल हेच सांगेल. आणि खरं सांगायचं तर मास्क हा शेवटचा उपाय. पावडर बंद पेटीतच, ग्लोव्ह बॉक्समध्ये हाताळली, धूळ निघते तिथंच ओढून घेतली, तर ती नाकापर्यंत येतच नाही. एवढ्या ताकदीच्या औषधासाठी ही व्यवस्था करणं कंपनीचं काम आहे. ती मागायला लाजू नकोस. डिप्लोमा झालाय तुझा. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या पावडरीच्या धोक्यांचा माहितीकागद, मागून घे आणि त्यातला 8 वा आणि 11 वा विभाग स्वतः वाच.

आता स्वातीचं. हे लिहिताना माझा हात जड झालाय. तिला पाचवा महिना आहे. आतला टीशर्ट आणि सॉक्स तू घरी आणतोस, आणि ती ते झटकून बादलीत टाकते. त्या डेटा शीटवर गर्भाला इजा होऊ शकते असा इशारा असतो, तो खोटा नाही. मी आयांना हे औषध दिलं ते बाळासाठी, मोजून, दोन दिवसांत संपणारं. रोज थोडं थोडं, किती ते कुणालाच माहीत नाही, असं नाही दिलं. उद्यापासून कामावरचा एकही कपडा घरात यायचा नाही. धुलाई कंपनीत. तिथंच डोक्यावरून अंघोळ कर, चपला वेगळ्या ठेव, मोबाइल आणि चष्मा पुसून मगच बाहेर पड. कामाच्या खोलीत मोबाइल नेतोस की काय, ते मला खरं सांग. आतापर्यंतचे आणलेले कपडे पिशवीत बांध, स्वातीला हात लावू देऊ नकोस. आणि तिच्या बाईडॉक्टरांना तुम्ही दोघं मिळून हे सगळं सांगा. घाबरवून नको, पण लपवूनही नको.

तुझे आजोबा हरिपूरला हळदीच्या पेवांवर कामाला होते. जमिनीत पंचवीस-तीस फूट खोल हळद ठेवलेली. पेव फोडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत जीव जाईल एवढी हवा खराब. एकदा मालकाची गाडी वाट बघत उभी होती, घाई कर म्हणून ओरडा चालला होता, तरी आजोबा कंदील परत वर येईपर्यंत जागचे हलले नाहीत. हे मला सासूबाईंनी सांगितलंय. तुझ्या खोलीत कंदील सोडता येत नाही, पण रक्त तपासता येतं.

पत्र वाचशील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता कॉर्टिसोलचं रक्त दे. ही तपासणी सकाळीच करायची असते, दुपारी काढलेल्या रक्ताला अर्थ नाही. सोबत साखर आणि बीपी. रिपोर्ट घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडे, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोल, "मी डेक्सामेथासोनची पावडर हाताळतो." हे सांगितलं नाहीस तर ते तुला वजन कमी कर म्हणून परत पाठवतील. डोळेही दाखव, कारण यानं मोतीबिंदू होतो, डोळ्यांतला दाब वाढतो.

रागानं राजीनामा टाकून गाडीत बसू नकोस. पावडरीपासून लांब व्हायचंच आहे, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. ग्रंथी झोपलेली असताना बाहेरचंही एकदम थांबलं तर दिवाळीत झालं त्यापेक्षा वाईट होईल. जोडीला ताप किंवा जुलाब लागले तर जिवावर बेतू शकतं. उलट्या थांबत नाहीत, उभं राहवत नाही, असं झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये जा आणि तेच पहिलं वाक्य बोल. ते एका कागदावर लिहून पाकिटात ठेव. स्वातीलाही दाखवून ठेव. ग्रंथी परत जागी होते रे, मी होताना बघितलंय. महिने लागतात, पण होते.

तुझ्याबरोबर शिफ्टला असतात त्या दोघांनाही रक्त द्यायला सांग. त्यांच्या आया नर्स नसतील.

रिपोर्ट आला की फोटो पाठव, आकडा मला स्वतःला बघायचाय. शनिवारी सकाळी मिरजेहून गाडी धरते, रविवारी तुमच्याकडे. येताना स्वातीला डिंकाचे लाडू आणते. त्या कपड्यांच्या पिशवीचं काय करायचं ते मी आल्यावर बघू, तोवर ती गॅलरीत बाहेर ठेव.

तुझी,
आई