लडाखच्या सहलपत्रकात मुक्कामाची उंची छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या सहलींच्या जाहिरातींनी सध्या पुरवण्यांची पानेच्या पाने भरली आहेत आणि त्यांत लेह-लडाखचा वाटा मोठा आहे. पँगाँग सरोवराचे निळे पाणी, नुब्रा खोऱ्यातल्या हुंदरचे दोन वशिंडांचे उंट, ‘६ रात्री ७ दिवस’ आणि खाली ठळक अक्षरांत रक्कम. रोज रात्री आपण किती उंचीवर झोपणार, हा आकडा मात्र या पत्रकांत क्वचितच सापडतो. लडाखची ग्रुप टूर निवडताना सगळ्यांत आधी तोच बघायला हवा.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या साधारण दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू एक तृतीयांशाने घटतो. शरीर याला सरावते, पण त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. तरुण आणि व्यायाम करणारेही यातून सुटत नाहीत. धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी हिंडायला निघतो आणि संध्याकाळी डोके धरून बसतो. वैद्यकातला मान्य दंडक असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याचा हा दंडक उतरताक्षणीच मोडलेला असतो. म्हणून पुढचे दोन दिवस त्याला लेह सोडून वर नेऊ नये.

आता पत्रक हातात घ्या. लेहची विमाने बहुतेक सकाळीच उतरतात, कारण दुपारनंतर तिथे वारा जोर धरतो. मुंबई-पुण्याहून दिल्लीमार्गे जाणारा प्रवासी त्यामुळे रात्रभर जागलेला असतो. अशा पहिल्या दिवशी ‘दुपारी शांती स्तूप आणि लेह पॅलेस’ असे छापले असेल तर ती टूर बाजूला ठेवा. पॅलेस नऊ मजली आहे आणि स्तूपाला पायऱ्यांनी गेल्यास पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी हॉटेल, भरपूर पाणी, हलके जेवण आणि झोप, एवढेच असावे. हॉटेलला लिफ्ट आहे का, नसल्यास ज्येष्ठांना तळमजल्याची खोली मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. बॅग घेऊन दोन जिने चढले की त्या उंचीचा अर्थ लगेच कळतो.

दुसरा दिवस सिंधू-झंस्कार संगम, पत्थर साहिब गुरुद्वारा, जमल्यास अल्चीपर्यंतचा असावा. संगम आणि अल्ची दोन्ही लेहपेक्षा खाली आहेत. तिसऱ्या दिवशी शे, ठिकसे, हेमिस इथले बौद्ध मठ. खारदुंग ला चौथ्या दिवसाच्या आधी नको. ही खिंड सुमारे ५,३५९ मीटरवर आहे. तिथल्या फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट (सुमारे ५,६०० मीटर) लिहिलेले होते, ते खऱ्या उंचीपेक्षा बरेच जास्त. ‘जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता’ असे अजूनही छापणारी कंपनी जुनेच पत्रक चालवते आहे, कारण तो मान केव्हाच दुसऱ्या खिंडींकडे गेला. खिंडीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. पलीकडचे नुब्रा खोरे मात्र लेहपेक्षाही खाली, ३,१०० ते ३,२०० मीटरवर आहे, त्यामुळे तिथली रात्र शरीराला सोपी जाते. पँगाँग त्यानंतर. ते सुमारे ४,२५० मीटरवर आहे आणि तिथल्या तंबूतली रात्र हा सगळ्या सहलीतला सर्वांत अवघड मुक्काम. लेहला उतरून तिसऱ्याच रात्री पँगाँग ठेवणाऱ्या टूर आहेत, त्या टाळा. रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांनी होकार दिला तरच जावे, आणि पँगाँगचा मुक्काम सोडून लेहहून सकाळी लवकर निघून रात्री परतण्याचा पर्याय कंपनी देते का ते विचारावे. गाडीत दहा-बारा तास जातात, पण झोपायला लेहलाच येता येते.

नुब्राहून श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँगला नेणारा कार्यक्रम नकाशावर छान दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दुपारी बर्फ वितळून ओढ्यांचे पाणी रस्त्यावर येते आणि गाड्या अडकतात. सकाळी किती वाजता निघणार आणि रस्ता बंद निघाला तर लेहमार्गे जाण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.

रस्त्याने जाणार असाल तर श्रीनगरहून आत शिरणारी टूर निवडा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल २,७०० च्या आसपास, मग लेह. शरीराला चढ टप्प्याटप्प्याने मिळतो. मनालीकडून बाहेर पडावे. उलट दिशेच्या स्वस्त टूरमध्ये मनालीनंतरचा पहिलाच मुक्काम सरचूला तंबूत असतो. मनाली २,०५० मीटर, सरचू ४,२९० मीटर! मध्यरात्री कोणाला धाप लागली, तोल जाऊ लागला, तर खाली न्यावे कुठे? एका बाजूला बारालाचा ला, दुसऱ्या बाजूला लाचुंग ला, दोन्ही खिंडी सरचूहून उंच. मनालीकडूनच जायचे असेल तर मुक्काम सरचूच्या बराच खाली असलेल्या केलाँग किंवा जिस्पाला हवा.

टूर मॅनेजरबद्दल ‘अनुभवी आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. तो मुंबईपासून बरोबर असतो की लेहला भेटतो? तीस-चाळीस जणांच्या ग्रुपमागे एकच असेल आणि एक पर्यटक आजारी पडला, तर रुग्णालयात कोण थांबणार आणि उरलेल्यांना कोण नेणार? बोटाला लावायचे ऑक्सिमीटर त्याच्याकडे असते का? प्रत्येक गाडीत ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर असतो की हातात मावणारे स्प्रेचे डबे? डब्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. आणि सिलिंडरनेही केवळ वेळ मिळतो. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, चाल अडखळणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली की ताबडतोब खाली उतरवणे हाच खरा उपाय. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्सची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. ती वर जाण्याच्या आदल्या दिवशीपासून सुरू करतात आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवे.

पैशांचे थोडक्यात. छापलेली रक्कम विमानभाड्यासह आहे की लेहपासून लेहपर्यंतची, ५ टक्के जीएसटी धरून आहे की वेगळा, हे पाहून मगच दोन कंपन्यांची तुलना करा. ‘ट्रिपल शेअरिंग’मध्ये तिसऱ्याला बहुधा जमिनीवरची गादी मिळते. उंटावरची फेरी, राफ्टिंग, पर्यावरण शुल्क यांतले काय धरले आहे ते विचारा. बाहेरच्या टॅक्सीला लडाखमध्ये स्थलदर्शन करू देत नाहीत, म्हणून मनाली-श्रीनगरची गाडी लेहला बदलावी लागते. तो खर्च किमतीत असायला हवा. ग्रुपच्या विमान तिकिटावर नाव बदलणे बहुधा जमत नाही आणि परतावाही फारसा मिळत नाही, तेव्हा रद्द करण्याचे नियम पैसे भरण्यापूर्वी वाचा. खराब हवेमुळे लेहचे विमान रद्द होणे नेहमीचेच आहे. जास्तीच्या रात्रीचे पैसे कोण देणार, हे पत्रकात नसेल तर ते तुम्हीच देणार असे समजा. परतताना दिल्लीहून त्याच दिवशीची गाडी किंवा स्वस्तातले वेगळे विमान धरू नका. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, ग्रुपमधल्या दोघातिघांकडे तरी पोस्टपेड हवे.

सहल कंपन्यांना आमची मागणी साधी आहे: पत्रकात प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे उंची मीटरमध्ये छापा. छपाईचा खर्च शून्य आहे. आपणासही विनंती आहे की लडाखची जाहिरात स्वीकारताना हा आग्रह धरावा, म्हणजे सरचूची रात्र किंवा तिसऱ्या दिवशीचे पँगाँग वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. तोवर ग्राहकांनी दिवसवार कार्यक्रम, हॉटेलांची नावे (‘किंवा तत्सम’ या शब्दांसकट) आणि मॅनेजरची तरतूद ईमेलवर मागून घ्यावी. ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क न भरता दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि तिथे तोंडी आश्वासनापेक्षा हा ईमेलच कामाला येतो.

— सहल-नियोजनात काम करणारे काही वाचक, पुणे